पहिला घोडा कुठल्या जातीचा घ्यावा?

रायडिंग स्कूलमध्ये काही महिने काढले, दुडकी (ट्रॉट) जमायला लागली, की बहुतेकांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळू लागतो: मारवाडी घ्यावा, काठियावाडी घ्यावा, की रेसमधून बाहेर पडलेला थरोब्रेड? रात्र रात्र व्हिडिओ बघितले जातात, कुणाच्या तरी ओळखीचा व्यापारी निघतो, आणि दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जायची घाई सुरू होते.

जात महत्त्वाची आहेच, पण तिचा नंबर तिसरा. आधी तुम्ही किती तयारीचे स्वार आहात ते, मग घोड्याकडून काम काय हवंय ते, आणि मग जात. जात ठरली तरी शेवटचा कौल समोर उभ्या असलेल्या त्या एका जनावराचाच असतो. एकाच घोडीची दोन शिंगरं, एक गायीसारखं शांत आणि दुसरं खोगीर दिसलं की कान पाडणारं, हे प्रत्येक तबेल्यात दिसतं. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने जा.

१. आधी स्वतःला तपासा

माथेरानला दहा वेळा घोड्यावर बसलात म्हणजे घोडेस्वारी आली असं नाही. तिथली घोडी रोज तीच वाट चालतात, पॉइंट कुठे आणि परत कधी फिरायचं हे त्यांना पाठ असतं, आणि घोडेवाला सोबत असतो. तुम्ही स्वार नसता, ओझं असता. यात कमीपणा काही नाही, फक्त त्या भरवशावर घोडा विकत घेऊ नका.

स्वतःला विचारायचे प्रश्न साधे आहेत. दुडकीत उठ-बस करताना तोल लगामावर जातो की मांड्यांवर राहतो? कँटरमध्ये, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाच्या चालीत, ठरवलेल्या जागी थांबता येतं का? रिकिबीतून पाय सुटला तर न घाबरता परत घालता येतो का? रिंगणाबाहेर, रस्त्याकडेला, कुत्रं भुंकत असताना बसला आहात का? आणि जमिनीवरची कामं, म्हणजे मोहरकी (तोंडावर बांधायची दोरी-पट्टी) घालणं, खरारा करणं, खूर उचलून साफ करणं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळणं, ही मोतद्दाराशिवाय, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या नोकराशिवाय, येतात का?

पहिल्या दोन प्रश्नांनाच अडखळलात तर तुम्ही नवखे. रिंगणात सगळं जमतं पण उघड्यावर धाकधूक होते, तर मधल्या टप्प्यावर. वेगवेगळ्या स्वभावाच्या घोड्यांवर बसून, चार वेळा पडून, पुन्हा चढून, बिचकलेल्या घोड्याला शांत करता येत असेल तर पक्के. या लेखातला बहुतेक सल्ला पहिल्या दोन गटांसाठी आहे. तिसऱ्या गटाला तो लागत नाही, आणि लागला तरी ते ऐकत नाहीत.

नवख्याने काय घ्यावं याचं उत्तर कुठल्याही जातीत जवळजवळ तेच येतं: वय आठ ते पंधरा, घोडी किंवा खच्ची केलेला घोडा, आणि निदान एक-दोन वर्षं वेगवेगळे स्वार पाठीवर घेतलेला. आपल्याकडे नर खच्ची करायची पद्धत कमी, कारण नर म्हटलं की पैदाशीची किंमत मिळते. त्यामुळे बाजारात देखणे नर पुष्कळ दिसतात. पण शेजारून घोडी गेली की नराचं लक्ष तुमच्याकडे राहत नाही, आणि त्या क्षणी काय करायचं हे अनुभवानेच येतं.

तीन वर्षांचं शिंगरू स्वस्तात मिळालं म्हणून 'दोघं बरोबरच शिकू' म्हणणारेही भेटतात. दोघांपैकी एकाला तरी यायला हवं ना.

२. काम ठरवा, आणि ते खरं सांगा

स्वतःशी खरं बोलायची ही जागा आहे. मनात असतं उड्या मारायचं, आणि प्रत्यक्षात होणार असतं रविवारी सकाळी शेताच्या बांधावरून तासभर फिरणं. घोडा त्या रविवारसाठी घ्या.

आठवड्यातून दोनदा फेरफटका, मुलांना शिकवणं, डोंगरवाटांनी लांबची सफर, एन्ड्युरन्सच्या स्पर्धा, टेंट पेगिंग (भरधाव घोड्यावरून जमिनीतली खुंटी भाल्याने उचलणं), शो जंपिंग, ड्रेसाज (ठरलेल्या चाली आणि हालचाली अचूक करून दाखवणं), पोलो, वरातीचा व्यवसाय: या प्रत्येक कामाला शरीर वेगळं लागतं आणि डोकंही वेगळं लागतं. एन्ड्युरन्सला चाळीस किलोमीटर आणि त्याहून लांब पल्ले असतात, आणि मधल्या थांब्यांवर ठरलेल्या वेळेत हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ किंवा त्याखाली आले नाहीत तर घोडा बाद होतो. तिथे सडपातळ, लवकर थंडावणारं, कणखर खुरांचं जनावर हवं. टेंट पेगिंगला सरळ रेषेत भरधाव जाणारा आणि भाला बाजूने फिरला तरी न बिचकणारा हवा. ड्रेसाजला ऐकणारा आणि चालीत लवचीक.

एकाच घोड्याकडून दोन कामं होतात, पाच होत नाहीत. विशेषतः वरातीत नाचवलेला घोडा सवारीला घेताना दहा वेळा विचार करा. त्याला शिकवलेलं असतं ते लगाम ताणला की पुढचे पाय उचलायचे, जागच्या जागी थिरकायचं, मागच्या पायांवर उभं राहायचं. घाबरलेला नवा स्वार नेमकं काय करतो? लगाम ताणतो. घोडा बिचारा शिकवलेलंच करतो आणि स्वार पाठीवरून मागे येतो. असा घोडा सुधारता येतो, पण ते काम महिन्यांचं आणि जाणत्या हाताचं.

३. वजन आणि उंची: टेप घेऊन जा

बाजारात उंची इंचांत सांगतात: 'साठ इंची घोडी', 'चौसष्टचा नर'. हे माप जमिनीपासून मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापर्यंतचं, डोक्यापर्यंतचं नव्हे. ५८ इंचांखालच्या जनावराला ढोबळमानाने पोनी म्हणतात. घोडा सपाट जमिनीवर उभा आहे ना आणि नाल किती जाड आहेत, हे बघून माप घ्या. विक्रेत्याच्या काठीपेक्षा स्वतःची टेप बरी.

उंचीपेक्षा वजनाचा हिशेब जास्त कामाचा आहे, आणि तो फारच थोडे लोक करतात. स्वार, खोगीर आणि बाकी सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. डोंगरात किंवा लांब पल्ल्याला त्याहूनही कमी ठेवा. घोड्याचं वजन टेपने काढता येतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग बसतो तिथे, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येईल ते किलो.

समजा एका काठियावाडी घोडीचा घेर १६५ आणि लांबी १४५ भरली. १६५ चा वर्ग २७,२२५. त्याला १४५ ने गुणून ११,८८० ने भागलं की साधारण ३३२ किलो येतात. वीस टक्के म्हणजे ६६ किलो. त्यातून आठ किलोचं खोगीर वजा करा, उरले ५८. तुमचं वजन ८५ असेल तर ही घोडी कितीही गोड असली तरी तुमची नाही. ती तुम्हाला घेऊन चालेल, तक्रारही करणार नाही; पाठ दुखायला लागली की मग तंग आवळताना चावायला येईल, आणि लोक म्हणतील घोडी बिघडली.

थरोब्रेड साधारण साडेचारशे ते पाचशे किलोंचा असतो. म्हणून धिप्पाड माणसाला त्याचा मोह पडतो. पण वजन पेलणं आणि सांभाळता येणं या दोन गोष्टी आहेत. त्याकडे आता येऊच.

४. आता जाती

मारवाडीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. आत वळून टोकाला टेकणारे कान, उंच मान, चालीत रुबाब. उंची बहुधा ५८ ते ६४ इंच. राजस्थानातल्या वाळवंटी मुलखात लढाईसाठी घडलेली जात, त्यामुळे उष्णता सोसते, खूर कणखर असतात. काही मारवाडींमध्ये रेवाल चाल असते: दुडकीसारखे हिसके न बसता एका लयीत सरकत जाणारी. लांबच्या सफरीला यासारखं सुख नाही. मात्र ही जात संवेदनशील आहे. हलक्या हाताच्या स्वाराला ती मनापासून साथ देते, जड हाताला लगेच उलट उत्तर देते. त्यात गेल्या काही वर्षांत बाजारातली मागणी उंची, रंग आणि नाच यांना आहे. पाठीवर नीट घडवलेला, वेगवेगळ्या स्वारांना सवयीचा मारवाडी शोधावा लागतो. माझं मत विचाराल तर मधल्या टप्प्यावरच्या स्वाराने जरूर घ्यावा, नवख्याने पहिला म्हणून घेऊ नये. अपवाद एकच: बारा वर्षांची, तबेल्यात शिकवणीला वापरलेली घोडी मिळाली तर डोळे झाकून नाही, पण पटकन घ्या.

काठियावाडी म्हणजे सौराष्ट्राची जात. कान मारवाडीसारखेच वळलेले, किंबहुना अधिकच. उंची थोडी कमी, साधारण ५६ ते ६० इंच, कपाळ रुंद, अंगलट आटोपशीर. गुजरात पोलीस हे घोडे वापरत आले आहेत, आणि गर्दी, गोंगाट, ऊन यांत उभं राहायची तयारी कशी असते ते त्यावरून कळतं. कमी खाण्यावर टिकतो. साठ किलोंच्या आसपासच्या स्वाराला, गावाकडे घोडा ठेवणाऱ्याला ही जात मारवाडीपेक्षा सोयीची वाटते. उंचीची हौस बाजूला ठेवायची तयारी मात्र हवी.

कच्छी-सिंधी घोड्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं, आणि हा अन्याय आहे. कच्छ आणि बन्नीच्या रखरखीत भागातला हा घोडा, नाकाची रेष किंचित बाहेर वळलेली, बांधा आखूड आणि भक्कम, चाल रेवाल, आणि स्वभाव बहुतेक वेळा शांत. ज्यांना एन्ड्युरन्सचा नाद लागला आहे पण घोड्याशी रोज झटापट नको आहे, त्यांनी आधी याच्याकडे बघावं. दिसायला मारवाडीइतका झगमगीत नाही, म्हणून वरातवाल्यांची नजर कमी पडते. आपल्या फायद्याचंच आहे ते.

भीमथडी आपली. भीमा आणि नीरा नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेली, दख्खनी म्हणूनही ओळखली जाणारी, मराठ्यांच्या घोडदळाची तट्टं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आज ही घोडी मुख्यतः धनगर बांधवांच्या तांड्यांबरोबर दिसतात: पाठीवर बिऱ्हाड, वर कोंबड्या, कधी एखादं लहान मूल, आणि कळपामागून शांतपणे चाललेली. उंची पोनीची, त्यामुळे मोठ्या माणसाच्या रोजच्या सवारीला लहान पडतात. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला, किंवा सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटेवर सामान वाहायला, यांच्याइतकं खात्रीचं पाऊल दुसऱ्या कुणाचं नाही. एक अडचण आहे: ओझ्याची सवय असते, लगामाची नसते. सवारीचं शिक्षण तुम्हाला करून घ्यावं लागेल. ज्याच्याकडून घ्याल त्याच्याशी घाई न करता बोला. त्याच्यासाठी ती घोडी म्हणजे घर वाहणारं माणूस आहे.

थरोब्रेड पुण्या-मुंबईच्या माणसाला सहज भेटतो. पुण्यात पावसाळ्यात आणि मुंबईत महालक्ष्मीला हिवाळ्यापासून पुढे रेसचा हंगाम असतो; हंगाम संपला की कमी पळणारे घोडे बाहेर पडतात. वय चार-पाच, दिसायला राजबिंडे, उंची ६२ ते ६६ इंच, आणि किंमत कधी कधी इतकी कमी की संशय यावा. संशय येऊ द्या. हा घोडा वाईट नसतो, त्याचं शिक्षण वेगळं असतं. रेसमध्ये जॉकी लगाम आखूड धरून त्यावर भार देतो, आणि घोडा त्या भारावर टेकून पळतो. म्हणजे तुम्ही थांबवायला लगाम ओढता तेव्हा त्याला 'चल' ऐकू येतं. शिवाय पायांनी दिलेल्या इशाऱ्यांची त्याला ओळख नसते, एकट्याने बाहेर जायची सवय नसते, आणि पोटात अल्सर, पुढच्या पायांच्या नळीमागच्या कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) जुनी दुखापत हे बऱ्याचदा सोबत येतं. त्याला काही महिने मोकळं सोडून, ओट्स कमी करून, गवतावर ठेवून पुन्हा पहिलीपासून शिकवावं लागतं. हे कुणीतरी आधीच केलेलं असेल, तर तो घोडा शो जंपिंगच्या सुरुवातीला उत्तम. रेसच्या तबेल्यातून थेट तुमच्या शेतावर? नको. कातडी पातळ, खूर नाजूक, खाणं जास्त. कोकणच्या पावसात तर त्याचे हाल बघवत नाहीत.

ड्रेसाज किंवा वरच्या दर्जाचं जंपिंग मनात असेल तर युरोपातले वॉर्मब्लड, म्हणजे तिथे खास खेळांसाठी पैदास केलेले घोडे, आलेच, हॅनोवेरियन वगैरे. २०२३ च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. संघातले चौघंही युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर तयार झाले होते. यावरून खर्चाचा आणि वेळेचा अंदाज बांधा. पहिला घोडा म्हणून हा विषय इथेच थांबवू.

नुकरा, म्हणजे गुलाबी कातडीचा पांढरा शुभ्र, वरातीत मागणी असलेला. खरं म्हणजे रंगामुळेच त्याला इतका भाव आहे. उन्हात ती कातडी भाजते, नाकाभोवती आणि डोळ्यांभोवती विशेष. सवारीला घ्यायचा असेल तर सावलीची सोय आधी बघा.

मणिपुरी पोनीची उंची ४४ ते ५२ इंच. आजचा पोलो ज्या सगोल कांगजेईतून निघाला त्या खेळाची ही पोनी. इंफाळचं मापाल कांगजेईबुंग मैदान अजून आहे. स्पिती, झंस्कारी, भुतिया हे हिमालयातले. या सगळ्यांना आपल्याकडच्या उकाड्यात आणण्यात अर्थ नाही. त्यांच्या गावी जाऊन त्यांच्यावर बसा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी दोन ओळी: अमेरिकेत पहिला घोडा म्हणून क्वार्टर हॉर्स आणि ब्रिटनमध्ये कॉब यांचं नाव उगाच निघत नाही. दोन्ही भक्कम, आणि सहसा डोकं शांत ठेवणारे. तिथे खच्ची केलेले, नीट घडवलेले घोडे सहज मिळतात, त्यामुळे हट्टाने मारवाडी आयात करण्याचं कारण उरत नाही.

५. बाजारात जाताना

महाराष्ट्रात घोडेबाजार म्हटलं की नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा. दोन्ही मार्गशीर्षात. सोलापूर जिल्ह्यात अकलूजचा बाजारही मोठा. पहिल्या वर्षी फक्त बघायला जा, खिशात पैसे न घेता. कान उघडे ठेवले तर तिथे जे शिकाल ते कुठल्या पुस्तकात नाही.

तिथली भाषा थोडी समजून घ्या. कुमैत म्हणजे तपकिरी अंग आणि काळी आयाळ-शेपटी, अबलख म्हणजे पांढरे पट्टे-डाग असलेला, मुश्की म्हणजे काळाभोर. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर पंचकल्याण, त्याचा भाव चढा. मग येतात भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वळणं. मानेवर देवमण असेल तर शुभ, अमुक जागी नागीण असेल तर अशुभ, आणि व्यापारी यावर तासभर बोलू शकतो. माझं सरळ म्हणणं आहे: भोवऱ्याने घोडा लंगडत नाही आणि भोवऱ्याने तो शहाणाही होत नाही. उलट सवारीसाठी घेणाऱ्याची यात चंगळ आहे, कारण 'खोड' निघाल्यामुळे भाव पडलेली एखादी गुणी घोडी तुम्हाला परवडून जाते. फक्त घरातल्या मोठ्यांना आधी विचारा. रोज टोमणे खात घोडी पाळणं अवघड.

वय दातांवरून बघतात. पुढच्या दातांची मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी पालटते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाच वर्षांनी तोंड भरतं. त्यानंतरचं वय झिजेवरून काढतात आणि तिथे अंदाजच चालतो. 'आठ वर्षांची आहे' असं सांगितलं तर जाणत्याला दाखवा.

६. घोडा बसून बघणं

हे बाजारात नीट होत नाही. पसंत पडलेल्या घोड्याचा पत्ता घ्या आणि त्याच्या तबेल्यावर जा, शक्यतो सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी. पोचल्यावर तो घामाने भिजलेला असेल तर त्याला दमवून शांत केलेलं असू शकतं. खालचा ओठ लोंबतोय, डोळे पेंगुळलेले, पाय जड पडताहेत, तर गुंगीचं इंजेक्शन दिलं असल्याची शंका घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या.

त्याला मोकळ्यातून पकडताना बघा. मोहरकी घालून घेतो का? आगाडी-पिछाडीने (पुढून आणि मागच्या पायांना दोरांनी) बांधलेला असेल तर का बांधलाय ते विचारा. सवयीने की लाथेमुळे? चारही खूर स्वतः उचलून बघा. खोगीर ठेवताना आणि तंग आवळताना कान कुठे जातात? कठड्याला दात रोवून हवा गिळतो का, किंवा जागच्या जागी एकसारखा डोलतो का? या सवयी कंटाळ्यातून लागतात आणि सहसा सुटत नाहीत.

मग कडक, सपाट जमिनीवर कुणाला तरी त्याला हातात धरून दुडकीने समोरून येऊ द्या आणि परत जाऊ द्या. डोकं बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं, आणि चांगल्या पायावर खाली येतं. इतकं बघायला शिकलात तरी निम्म्या फसवणुकी टळतात.

आधी मालकाने किंवा त्याच्या माणसाने बसून दाखवावं. ते बसायला तयार नसतील तर चहा पिऊन निघा. मग तुम्ही बसा: चढताना उभा राहतो का, सैल लगामावर चालतो का, दुडकीतून थांबा म्हटलं की थांबतो का, दोन्ही बाजूंना सारखा वळतो का. त्यानंतर तबेल्यापासून एकटं दूर घेऊन जा. बरेच घोडे जाताना पाय ओढतात आणि परतताना तोंड घराकडे झालं की सुटतात. नवख्यासाठी हा दोष उडी न मारण्यापेक्षा मोठा आहे. ट्रॅक्टर, फडफडणारी ताडपत्री, मागून येणारी मोटरसायकल, हे सगळं वाटेत भेटू द्या. बिचकला तरी चालेल. बिचकून दोन पावलं सरकला आणि पुन्हा तुमचं ऐकायला लागला, तर तो चांगला घोडा.

तुमच्या प्रशिक्षकाला बरोबर न्या. तो 'नको' म्हणाला तर वाद घालू नका.

७. डॉक्टर आणि कागद

विक्रेत्याचा डॉक्टर नव्हे, तुमचा, आणि घोड्यांचा अनुभव असलेला. हृदय, फुप्फुसं, डोळे, दात, खूर, पायांच्या कंडरा, वाकवून-सरळ करून सांधे. थरोब्रेड असेल तर पायांचे एक्स-रे काढाच. रक्त घेतलं जाईल तेव्हा ग्लँडर्सची चाचणी मागा. हा रोग माणसालाही होतो, लागण निघालेला घोडा सरकारी नियमाने नष्ट करावा लागतो, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची तपासणी होते. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगाचीही चौकशी करा, विशेषतः पावसाळ्यानंतर घेत असाल तर. धनुर्वाताची लस कधी दिली तेही विचारा. घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो.

कागदावर घोड्याचं वर्णन, खुणा, मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक, किंमत आणि दोघांच्या सह्या हव्यात. जातीचा नोंदणी पासपोर्ट असेल तर त्यातल्या खुणा घोड्याशी ताडून बघा. आणि जमलं तर दोन-चार आठवडे ठेवून बघायची मुदत लिहून घ्या. देणारे कमी, पण विचारायला पैसे पडत नाहीत. मुदत मिळत नसेल तर रायडिंग स्कूलच्या एखाद्या घोड्यासाठी महिन्याचा करार करून घोडा पाळणं म्हणजे काय ते आधी अनुभवा. कित्येकांची घोडा घ्यायची हौस त्या महिन्यात फिटते, आणि ते स्वस्तातच सुटतात.

८. आणण्याआधी घरची तयारी

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा चारा-खुराक लागतो. मघाच्या ३३२ किलोंच्या घोडीला म्हणजे पाच ते आठ किलो, त्यातला मोठा वाटा गवत-कडब्याचा. फेरफटक्याच्या घोड्याला हरभऱ्याची चंदी जरा कमीच घाला. काम नाही आणि चंदी भरपूर, की शांत घोडी महिन्याभरात उधळायला लागते, आणि दोष पुन्हा जातीला जातो. पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात जास्त, आणि मिठाचा खडा समोर. नालबंद दर सहा-सात आठवड्यांनी येणारा हवा. तुमच्या तालुक्यात तो आहे का हे घोड्याच्या आधी शोधा. पोटशूळ रात्री दोन वाजता उठतो, तेव्हा फोन उचलणारा डॉक्टरही.

वाहतुकीला पशुवैद्यकाचा दाखला बरोबर ठेवा, गाडीत खाली रेती किंवा भुसा टाका, आणि लांबचा प्रवास असेल तर मध्ये थांबून पाणी पाजा. जुन्या मालकाकडून आठ-दहा दिवसांचा त्याच्या सवयीचा चारा बरोबर आणा आणि तुमचा चारा त्यात हळूहळू मिसळत न्या. इतर घोडे असतील तर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. पहिले दोन-तीन दिवस खोगीर घालूच नका. हातात धरून बांधाबांधाने फिरवा, पाण्याची टाकी, कुत्रा, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर यांची ओळख करून द्या. पहिली सवारी रिंगणात, प्रशिक्षक समोर उभा असताना, आणि डोक्यावर हेल्मेट.